कॅला लिलीला ताण द्यायचा तो कधी आणि किती

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जानेवारीत तुम्ही परभणीतल्या नर्सरीतून कॅला लिलीच्या दोन कुंड्या आणल्या, एक पांढरी आणि एक गुलाबी. महिनाभर दोन्ही छान फुलल्या. होळीनंतर पानं पिवळी पडू लागली म्हणून तुम्ही पाणी वाढवलं, एप्रिलात तर सकाळ-संध्याकाळ दिलं. मे महिन्यात पांढरीचं एकही पान उरलं नाही आणि गुलाबीचा कंद उकरून पाहिला तर तो मऊ, पाणी सुटलेला, घाण वासाचा निघाला. आता तुमचं विचारणं असं की पाणी नेमकं किती द्यायला हवं होतं, पुढच्या खेपेला झाड घरात ठेवावं की अंगणातल्या काळ्या मातीत लावावं, आणि भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आराशीला ही फुलं मिळतील का.

लातूरजवळ माझी छोटी नर्सरी आहे, 19 वर्षं झाली. हाच प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी घेऊन येतं, आणि सगळे जण ‘पाणी किती’ हेच विचारतात. माझ्या मते आपल्याकडे या झाडाचा सगळा खेळ ‘पाणी कधी तोडायचं’ यावर आहे. होळीनंतर पिवळी पडलेली पानं हा बहुतेक वेळा रोग नसतो. ऊन चढलं, आता मी खाली कंदात जाते, एवढंच झाड सांगत असतं. नेमकं तेव्हाच आपण घाबरून पाणी वाढवतो. तापलेली माती, न पिणारी मुळं आणि साचलेलं पाणी यात कंद दुसरं काय करणार? तुमच्या हातून जे झालं ते काळजीपोटी झालं, आणि माझ्या हातूनही पहिली काही वर्षं तेच होत होतं.

मला अक्कल आली ती 2016 च्या उन्हाळ्यात. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं ते वर्ष. माणसांना पाणी नाही तिथे फुलझाडांना कुठून देणार? कढीपत्ता, मोगरा, लिंबाची कलमं एवढंच कसंबसं जगवायचं ठरवलं आणि पांढऱ्या कॅलाच्या सगळ्या कुंड्या शेडमागच्या सावलीत एकावर एक रचून ठेवल्या. मनातून त्या सोडूनच दिल्या होत्या. पाऊस झाला, पोळा गेला, दसऱ्याला आवराआवर करताना कुंड्या हाताला लागल्या. माती काढून पाहिली तर आत कंद आल्याच्या तुकड्यासारखे टणक. कोजागिरीनंतर ते नव्या मातीत लावले आणि त्या संक्रांतीला जशी फुलं आली तशी मी आधी कधी पाहिली नव्हती. त्याआधीची सगळी वर्षं मी त्यांना उन्हाळाभर जागं ठेवायला धडपडत होते. मोसंबीची बाग असलेल्याला ताण, म्हणजे ठरवून पाणी तोडणं, शिकवावं लागत नाही. या झाडाचंही काहीसं तसंच आहे. फरक एवढाच, की मोसंबीला आपण आपल्या सोयीच्या बहारासाठी ताण देतो आणि इथे झाड स्वतःच विश्रांती मागत असतं.

असं का, हे कळायला तिचं मूळ गाव बघावं लागतं. ही दक्षिण आफ्रिकेची. नावात लिली असली तरी लिलीच्या कुळातली नाही, आपल्या अळूच्या म्हणजे चमकुऱ्याच्या कुळातली. सुरण, मनीप्लांट, अँथुरियम हे सगळे तिचे भाऊबंद. आपण जिला फूल म्हणतो ती पांढरी घडी खरं तर एक पान आहे. खरी फुलं मधल्या पिवळ्या दांड्यावर असतात, बारीक बारीक. पांढरी जात केपच्या, म्हणजे त्या देशाच्या दक्षिण टोकाच्या बाजूला ओढ्याकाठी, पाणथळीत आपोआप वाढते. तिकडच्या पश्चिम भागात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, म्हणून थंडीत वाढायचं आणि उन्हाळ्यात पानं टाकून पडून राहायचं ही तिची जुनी सवय. रंगीत कॅला, म्हणजे गुलाबी, पिवळ्या, जांभळट, या वेगळ्या जातींपासून केलेले संकर आहेत. त्या जाती उन्हाळी पावसाच्या, पण बऱ्याचशा उंचावरच्या थंड भागातल्या. त्यांना पाण्याचा निचरा लागतो आणि वर्षातून दोन-तीन महिने पक्की कोरडी झोप लागते.

म्हणजे तुमच्या दोन कुंड्यांत एकाच नावाची दोन वेगळ्या स्वभावाची झाडं होती. पांढरी ओलीत पाय ठेवून उभी राहील. गुलाबीला तसं ठेवलंत तर ती आठवड्यात सडेल. दोघींना रोज सारखाच तांब्या मिळाला, तिथेच पहिली चूक झाली. इंटरनेटवरच्या सल्ल्यांचाही यात वाटा आहे. परदेशातले लोक वसंतात लावा, उन्हाळ्यात फुलतील असं लिहितात ते त्यांच्या हवेत खरं आहे. उटी-कोडाईकनालला पांढरी कॅला ओढ्याकाठी रानोमाळ दिसते, तिथलं पाहूनही फसायला होतं. आपल्या 42-43 अंशांच्या मे महिन्याचा हिशेब त्यात कुणीच धरलेला नसतो.

मी तिला रब्बीचं पीक समजते. कोजागिरीनंतर, रात्री गारवा जाणवू लागला की लावते. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतात. रंगीत कॅलाला लावल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत फूल येतं, पांढरीला कधी जास्तही लागतात. येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला कळ्या दिसल्या की मला समाधान वाटतं, कारण मग संक्रांत ते महाशिवरात्र फुलांची खात्री असते. दिवसाचं तापमान सतत 30 अंशांच्या वर राहू लागलं की वाढ मंदावते. होळीला पाणी निम्म्यावर आणते. गुढीपाडव्याच्या आसपास रंगीत कॅलाचं पाणी पूर्ण तोडते. पानं ओढून काढत नाही, आपोआप वाळून गळू देते, कारण पानातला अन्नरस तोवर कंदात उतरत असतो. पांढरीला मात्र पार कोरडं करत नाही. सावलीत ठेवून आठ-दहा दिवसांनी अर्धा तांब्या, कंद सुरकुतू नये इतपत. 2016 साली तेवढंही मिळालं नव्हतं, पण तो नियम करायला नको.

यात परिस्थितीप्रमाणे फरक पडतो, तोही सांगते. आंब्याची दाट सावली, शेजारी हौद आणि विहिरीचं गोडं पाणी असेल तर पांढरी कॅला उन्हाळाभर हिरवी राहू शकते, मी तशी पाहिली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गॅलरीत ते जमणार नाही. रंगीत कंदांची अडचण वेगळी: पाडवा ते कोजागिरी हा काळ त्यांना जरा लांब पडतो. एखादा कंद मृगाच्या दमट हवेत मधेच डोळे फोडतो. कोंब लहान असेल तर मी तो आणखी कोरड्या जागी हलवते. बोटभर वाढलाच तर पावसाचा थेंब न पडेल अशा पत्र्याखाली कुंडीत लावून टाकते. त्याला फूल कमी येतं, पण कंद वाचतो.

आता माती. अंगणातल्या काळ्या मातीत रंगीत कॅला लावू नका, यात मला काही शंका नाही. काळी माती पावसात फुगून पाणी धरते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मुळं तुटतात. पांढरीला ओल चालते, त्यामुळे ती काळ्या मातीत तगते, पण आपल्या बऱ्याच जमिनीत चुनखडी असते आणि मग नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. ढेकळावर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर चुना आहे. अशा मातीत साधं फेरस सल्फेट टाकून उपयोग होत नाही, लोह लगेच बांधलं जातं. ईडीडीएचए चिलेट स्वरूपातलं, म्हणजे चुन्यात बांधलं न जाणारं लोह कृषी सेवा केंद्रात मिळतं, ते द्यावं लागतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे जमिनीत दीड फूट खोल-रुंद खड्डा घेऊन माती बदलायची, किंवा सरळ मोठी कुंडी वापरायची.

कुंडीसाठी माझं मिश्रण असं: दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाड वाळू किंवा धूळ धुऊन काढलेली क्रशरची बारीक खडी. कोकोपीट आधी साध्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. पांढरीच्या मिश्रणात वाळू निम्मी केली तरी चालते. ताजं शेण, अर्धवट कुजलेलं खत नको. एका मोठ्या कंदाला आठ-दहा इंची कुंडी पुरते. कंद दोन-तीन इंच खोल, डोळे असलेली खडबडीत बाजू वर. कोंब दिसेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवायची. इथे घाईने पाणी घालून कंद घालवणारे खूप जण पाहिलेत.

पाण्याच्या प्रमाणाइतकंच ते पाणी कोणतं, हेही आपल्याकडे महत्त्वाचं आहे. बोअरच्या जड पाण्याने पानांची टोकं करपतात आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. लोक मोठ्या मनाने आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालतात. त्या पाण्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात, ते कॅलाला अजिबात नको. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणीही तसंच, वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र चालतं. सगळ्यात चांगलं पावसाचं. पावसाळ्यात पत्र्यावरून दोन पिंपं भरून झाकून ठेवली तर दोन कुंड्यांचा हिवाळा सहज निघतो. बोअरशिवाय इलाजच नसेल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या तळातून धो धो वाहीपर्यंत पाणी देऊन क्षार धुऊन काढा.

वाढीच्या दिवसांत पांढरीची कुंडी दोन इंच पाणी असलेल्या घमेल्यात ठेवलीत तरी ती खूश असते. घमेल्यातलं पाणी तीन-चार दिवसांनी ओतून द्यायचं, नाहीतर डास होतात. रंगीत कॅलाला वरची इंचभर माती सुकल्याशिवाय पाणी नाही. बोट खुपसून बघायचं, यापेक्षा चांगलं यंत्र मला सापडलेलं नाही.

घरात की बाहेर? थंडीत बाहेर. पूर्वेची गॅलरी, चार-पाच तास कोवळं ऊन, दुपारनंतर सावली, ही तिची जागा. आपल्याकडे सहसा हिमकण पडत नाहीत, त्यामुळे परभणीच्या कडाक्याच्या थंडीतही पांढरीला धोका नाही. रंगीत कॅला त्या आठवड्यात थबकते, तेवढ्यापुरती कुंडी भिंतीलगत सरकवायची. घरात ठेवायचीच असेल तर खिडकीच्या अगदी जवळ. टीव्हीशेजारी, कोपऱ्यात, जिन्याखाली ठेवलेली कॅला लांब लांब देठ काढून लोळते आणि फूल देत नाही. मी स्वतः कळी उघडली की कुंडी दिवाणखान्यात आणते आणि फूल हिरवट पडू लागलं की परत बाहेर नेते. पंख्याखाली ठेवत नाही.

गुलाबीच्या कंदाचं जे झालं त्याला मऊ कूज म्हणतात. ती जिवाणूंमुळे होते, म्हणून बुरशीनाशकात बुडवून कंद बरा होत नाही. तुम्ही त्यावर पैसे घालवू नका. तो कंद आणि त्याची माती दोन्ही टाकून द्या, कचऱ्यात, दुसऱ्या कुंडीत नको. कुंडी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. उष्णता, साचलेलं पाणी आणि कंदाला झालेली जखम, हे तिन्ही जुळलं की ही कूज येतेच. चौथं कारण जास्तीचं नत्र: युरियाची चिमूट पडली की पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि कंद पोचट राहतो. मी कळ्या दिसेपर्यंत पंधरा दिवसांनी पातळ गांडूळपाणी देते, नंतर पालाश जास्त असलेलं विद्राव्य खत अगदी थोडं. पाणी तोडायच्या महिनाभर आधी सगळं बंद.

कीड फार नाही. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. पावसाळ्यात शंखी गोगलगायी मात्र एका रात्रीत कोंब फस्त करतात. 2022 साली त्यांनी आपल्याकडच्या सोयाबीनचं काय केलं ते सगळ्यांना आठवत असेल. संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या, हातमोजे घालून.

कंद साठवण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढच्या चैत्रात लागेल. पानं पूर्ण वाळल्यावर रंगीत कंद हलक्या हाताने काढायचा, खुरपं लागू द्यायचं नाही. न धुता सावलीत वाऱ्यावर आठवडाभर सुकवायचा. मग कोरड्या कोकोपीटमध्ये किंवा वाळूत, भोकं पाडलेल्या खोक्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही आणि फ्रिजमध्येही नाही, तिथली गारठलेली ओल त्याला सोसत नाही. कुणाचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं जुनं घर असेल तर त्याच्या आतल्या खोलीइतकी चांगली जागा नाही. माझे खोके आजही आमच्या जुन्या घरात उतरंडीच्या कोनाड्यात असतात. महिन्यातून एकदा उघडून प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून बघायचा. मऊ लागला तर लगेच वेगळा.

पुढच्या वर्षीच्या फुलांबद्दल आधीच सांगून ठेवते, नाहीतर मन खट्टू होईल. विकायला ठेवलेल्या रंगीत कॅलाचे कंद बऱ्याचदा लावण्याआधी जिबरेलिक आम्ल या वाढसंप्रेरकाच्या द्रावणात बुडवलेले असतात, त्यामुळे एका कंदाला पुष्कळ फुलं येतात. घरी दुसऱ्या वर्षी तितकी येत नाहीत. त्यात तुमची काही चूक नसते. सुपारीएवढ्या बाळकंदांना तर एक-दोन वर्षं फक्त पानंच येतील, त्यांना जपा. फूल उतरलं की बी धरू देऊ नका, दांडा काढून टाका, म्हणजे ताकद कंदात जाते.

आता या आठवड्यात काय करायचं ते. पांढरीची कुंडी फेकली नसेल अशी आशा आहे. वरची माती बोटाने बाजूला करा आणि कंद दाबा. टणक असेल तर झाड जिवंत आहे. कुंडी पावसाच्या माऱ्यात न ठेवता सावलीत, पत्र्याखाली ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी अर्धा तांब्या द्या. पावसाळ्यात आपोआप पानं आलीच तर येऊ द्या, पांढरीला त्याने अपाय नाही. कोजागिरीनंतर माती बदला. गुलाबी हवी असेल तर आत्ता नर्सरीत मिळाली तरी घेऊ नका. ऑक्टोबरात कंद घ्या, टणक आणि लिंबाएवढा तरी मोठा बघून.

घरात लहान मूल असेल तर एक काळजी घ्या. या झाडाच्या पानात, देठात, कंदात कच्च्या चमकुऱ्यासारखे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तोंडात गेलं तर जीभ-घसा भाजल्यासारखा होतो आणि सूज येते. कुत्र्या-मांजरालाही तोच त्रास. आणि चमकुऱ्याच्या वाफ्यात ही कधीच लावू नका. वड्यांसाठी पानं खुडताना घाईत चुकीचं पान हाती येऊ शकतं, आणि चिंच घालून शिजवलं तरी ही खाण्याची वस्तू नाही. कंद हाताळल्यावर हात धुवा, काहींना खाज सुटते.

राहिला महालक्ष्म्यांचा प्रश्न. भाद्रपदात आपल्याकडे कॅला फुलत नाही. तेव्हा ती झोपलेली असते आणि जबरदस्तीने उठवली तर सडते. त्या आराशीला गुलछडी आणि झेंडूच बरा. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या घरात पांढरी फुलं बहुतेक असतील. दांडा कात्रीने कापू नका, बुडाशी धरून जरा पीळ देत ओढा, सबंध निघतो. टोक उकलून वळू नये म्हणून खाली दोऱ्याचे दोन वेढे द्या, फुलदाणीत दोनच इंच पाणी ठेवा आणि ते रोज बदला. आठवडाभर तरी टिकतात.